शाहनवाजखानाची कबर : ‘काळा ताजमहाल’ या अभिधानाची चिकित्सा

वऱ्हाडच्या मध्ययुगीन इतिहासाचा भूगोल नीट ध्यानात यावयाचा असेल तर अमडापूरसारख्या गावापासून आरंभ करणे सोयीचे ठरते. बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातील हे गाव बालाघाटाच्या पठारावर, चिखलीहून खामगावकडे जाणाऱ्या वाटेवर वसलेले आहे. टेकडीवरील बल्लाळदेवीच्या स्थानामुळे पंचक्रोशीत त्याचा परिचय आहे. येथून उत्तरेस निघाले की पठार संपते, वाट घाट उतरते आणि पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्याभोर जमिनीची सपाटी, म्हणजे पयनघाट, लागतो. पयनघाटात बाळापूर आणि त्याच्या वायव्येस, तापीच्या काठी, बुऱ्हाणपूर. उलट दक्षिणेस वळले तर सिंदखेड, जालना आणि अखेर खडकी. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात मोगलांच्या फौजा ज्या वाटांनी दख्खनमध्ये चढल्या आणि पराभव पावून अथवा विजय मिळवून ज्या वाटांनी खाली उतरल्या, त्यांपैकी महत्त्वाच्या वाटा याच मुलखातून जात. या वाटांच्या उत्तर टोकाशी, बुऱ्हाणपूर शहराबाहेर उतावळी नदीच्या काठी, एका मोगल सरदाराची काळ्या दगडाची कबर उभी आहे. तिचा विचार आजवर प्रायः आग्र्याकडे पाहून केला गेला. तो वऱ्हाडकडे पाहून केला असता काय दिसते, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

ही कबर मिर्झा इरज उर्फ शाहनवाजखान याची. परंतु आज बुऱ्हाणपुरास जाणाऱ्या प्रवाशास तिची ओळख ‘काळा ताजमहाल’ या नावाने करून दिली जाते, आणि त्या नावाबरोबर एक सिद्धान्तही त्याच्या हाती ठेवला जातो. तो असा की शाहजहानाने ही वास्तू पाहिली आणि तिच्यावरून त्यास आग्र्याच्या ताजमहालाची कल्पना सुचली. नाव सुटसुटीत आहे, सिद्धान्त आकर्षक आहे, आणि दोहोंचा परिणाम एकच झाला आहे. वास्तू स्वतःच्या गुणावगुणांवर पाहिली जाणे बंद झाले, आणि वास्तूत पुरलेला मनुष्य तर पूर्णपणे विस्मृतीत गेला. म्हणून प्रथम मनुष्याचा विचार करणे प्राप्त आहे.

मिर्झा इरज हा अब्दुर्रहीम खानखानान याचा पुत्र. हिंदी साहित्याचा अभ्यासक ज्यास ‘रहीम’ म्हणून ओळखतो तोच हा खानखानान. बैरामखानाचा मुलगा, अकबराचा सेनापती, आणि दख्खनच्या राजकारणात जवळजवळ तीन तपे वावरलेला मुत्सद्दी. बुऱ्हाणपूर हे त्याचे मुख्य ठाणे होते. इरज बापाच्या हाताखाली याच मुलखात तयार झाला. १६०२ मध्ये नांदेडजवळच्या लढाईत त्याने मलिक अंबरास जखमी करून मागे रेटले तेव्हा तो तरुण होता. पुढे जहांगीराच्या कारकीर्दीत त्यास शाहनवाजखान हा किताब मिळाला आणि वऱ्हाडच्या आघाडीवर बाळापुरास त्याची छावणी पडली. १६१६ च्या आरंभी निजामशाहीतील काही सरदार मलिक अंबरावर रुष्ट होऊन बाळापुरास त्यास येऊन मिळाले. जहांगीराच्या आत्मचरित्रात त्यांची नावे आली असून त्यांत जादोराय, म्हणजे सिंदखेडचे लखुजी जाधवराव, यांचाही उल्लेख आहे. या सरदारांस हाताशी धरून शाहनवाजखान घाट चढला, जालन्याच्या बाजूस रोषणगाव येथे त्याने अंबराचा पराभव केला, खडकीत शिरून त्या नव्या नगरातील इमारतींची राखरांगोळी केली आणि रोहिणखेडच्या घाटाने तो परत खाली उतरला. रोहिणखेड आजच्या बुलढाणा जिल्ह्यात आहे. घाटाच्या तोंडाशी असल्याने तेथे फौजांची ये-जा शतकानुशतके चालू होती. १४३७ मध्ये बहामनी सेनापती खलफ हसन याने खानदेशच्या नसीरखानाचा पराभव तेथेच केला, आणि तेथील मशीद १५८२ ची, म्हणजे मोगल वऱ्हाडात येण्यापूर्वीची आहे.

रोषणगावचा विजय मोठा होता, पण त्याचे फळ टिकले नाही. अंबर पुन्हा उभा राहिला आणि मोगलांचे दख्खनमधील राजकारण पूर्ववत दोलायमान झाले. शाहनवाजखानास मात्र त्यानंतर फार आयुष्य लाभले नाही. १६१७ मध्ये शाहजादा खुर्रम दख्खनच्या मोहिमेवर असता शाहनवाजखानाच्या कन्येशी त्याचा विवाह झाला, आणि १६१९ मध्ये अतिरिक्त मद्यपानाने खानाचा अंत झाला. हे कारण जहांगीराने स्वतः नमूद केले आहे. मद्याविषयी लिहिण्याचा जहांगीरास अनुभवसिद्ध अधिकार होता, हे येथे आठवावयास हरकत नाही. खानाच्या जागी त्याचा भाऊ दाराबखान याची नेमणूक झाली. शाहजहानाच्या बंडाच्या धामधुमीत दाराबखानाचा १६२५ मध्ये शिरच्छेद झाला, आणि त्याचे शिर झाकलेल्या ताटात घालून वृद्ध पित्याकडे पाठविण्यात आले, असे वृत्त परंपरेने चालत आले आहे. खानखानान स्वतः १६२७ मध्ये मरण पावला आणि दिल्लीस, निजामुद्दीनच्या परिसरात, १५९८ मध्ये निवर्तलेल्या आपल्या पत्नीसाठी त्याने बांधविलेल्या मकबऱ्यात पुरला गेला.

येथे एका घोटाळ्याचा परामर्श घेणे अवश्य आहे, कारण विद्यार्थी त्यात हटकून सापडतात. शाहनवाजखान हे नाव नव्हे, किताब आहे. आणि दख्खनच्या इतिहासात तो धारण करणारे निदान तीन मोठे पुरुष होऊन गेले. पहिला हा मिर्झा इरज. दुसरा मिर्झा बदीउज्जमान सफवी. औरंगजेबाची पत्नी दिलरसबानू हिचा तो पिता. वारसायुद्धात जावयाच्या बरोबर निघण्यास त्याने नकार दिला म्हणून १६५८ मध्ये औरंगजेबाने त्यास बुऱ्हाणपुरासच अटकेत ठेविले होते. पुढे तो दाराशुकोहच्या पक्षास मिळाला आणि १६५९ मध्ये अजमेरजवळ देवराईच्या लढाईत पडला. तिसरा निजामाच्या दरबारातील समसामुद्दौला शाहनवाजखान. ‘मआसिरुल्-उमरा’ हा मोगल सरदारांचा विख्यात चरित्रकोश त्याचा. १७५८ मध्ये औरंगाबादेस तो मारला गेला, आणि त्याच्या लेखनाची विखुरलेली पाने गुलामअली आझाद बिलग्रामी याने प्रयत्नपूर्वक गोळा केली. पहिले दोघे बादशाही घराण्याचे व्याही, दोघांचाही बुऱ्हाणपुराशी संबंध, आणि दुसऱ्याच्या कन्येचा मकबरा औरंगाबादेस ‘दख्खनचा ताज’ म्हणून प्रसिद्ध. तेव्हा कथनात एकाचे वृत्त दुसऱ्यास चिकटावे यात आश्चर्य नाही. तथापि बुऱ्हाणपूरच्या कबरीचे सर्व विवेचन १६१९ मध्ये वारलेल्या मिर्झा इरजला धरूनच व्हावयास पाहिजे.

आता सिद्धान्ताकडे वळू. त्याच्या बाजूने जे म्हणता येण्यासारखे आहे ते आधी मान्य केले पाहिजे. कबरीस सामान्यतः १६२२-२३ हे साल दिले जाते. ताजच्या कामास १६३२ मध्ये प्रारंभ झाला. शाहजहान हा खानाचा जावई. त्याचे वास्तव्य बुऱ्हाणपुरात वेळोवेळी होते, आणि १६३१ च्या जूनमध्ये मुमताजमहालाचा मृत्यू त्याच शहरात झाला. तेव्हा ही कबर शाहजहानाने पाहिली असण्याचा पुष्कळ संभव आहे, एवढे निर्विवाद. परंतु पाहिली असणे आणि तीवरून घेतले असणे या दोन विधानांमध्ये जे अंतर आहे ते केवळ सनावळीने भरून निघत नाही. आधीची वास्तू ही नंतरच्या वास्तूची जननी, हा तर्क मान्य केला तर स्थापत्याचा इतिहास म्हणजे कालानुक्रमाची यादी एवढाच अर्थ उरेल. पूर्वसंबंध सिद्ध व्हावयाचा तो तलविन्यास, रचनातंत्र आणि अवयवांची परस्पर जुळणी यांवरून.

या कसोटीस सिद्धान्त उतरत नाही. ताजचा तलविन्यास कोपरे छाटलेल्या चौरसाचा आहे. मधला अष्टकोनी कक्ष आणि त्याभोवती आठ दालने अशी त्याची मांडणी. ही मांडणी दिल्लीच्या हुमायूनच्या मकबऱ्यातून आली, आणि मोगलांनी ती आपल्याबरोबर तैमूरी परंपरेतून आणली. ताजचा घुमट दुहेरी असून बाहेरचे कवच आतल्या छतापासून बरेच उंच उचललेले आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याचे चार मनोरे इमारतीस लागून नाहीत. चौथऱ्याच्या चार कोपऱ्यांवर ते सुटे उभे आहेत, आणि मधल्या रिकाम्या अवकाशामुळेच त्या वास्तूस तिचे ते तरंगते रूप येते. बुऱ्हाणपूरची कबर चौरस. मधल्या कक्षाभोवती कमानींची ओवरी. मनोरे इमारतीच्या अंगातूनच, तिच्या कोपऱ्यांवरून, वर चढलेले. आणि मध्यभागी घुमट. दोन्ही वास्तूंत चौथरा आहे, घुमट आहे आणि चार मनोरे आहेत, एवढेच साम्य. तेवढे साम्य त्या काळच्या अनेक इमारतींत सापडेल. कोपऱ्यांवरून मनोरे उचलण्याची रीत १६१३ मध्ये पुऱ्या झालेल्या सिकंदऱ्याच्या अकबराच्या मकबऱ्याच्या दक्षिण दरवाजावर दिसते, आणि आग्र्याच्या इतिमादुद्दौल्याच्या मकबऱ्यातही दिसते. हा मकबरा १६२२ ते १६२८ या काळातला, म्हणजे बुऱ्हाणपूरच्या कबरीचा जवळजवळ समवयस्क. तुलना करावयाचीच असेल तर ती याच्याशी करावी, ताजशी नव्हे.

आणि ही तुलना उपयुक्त आहे, कारण तिच्यामुळे साम्याइतकाच एक लक्षणीय भेद नजरेस येतो. जहांगीरकालीन दरबारी कलेचे जे अग्रगण्य मकबरे, म्हणजे अकबराचा, इतिमादुद्दौल्याचा आणि थोडा पुढे लाहोरजवळचा जहांगीराचा स्वतःचा, त्यांतील एकावरही मोठा मध्यवर्ती घुमट नाही. एकावर संगमरवरी मोकळे अंगण आहे, दुसऱ्यावर छोटी चौकोनी मेघडंबरी, तिसऱ्याचे छत सपाट. घुमटाची परंपरा याच काळात दुय्यम व प्रांतीय वास्तूंत टिकून होती. बुऱ्हाणपूरच्या रचनाकाराने मनोरे दरबाराच्या नव्या अभिरुचीतून घेतले, परंतु घुमट सोडला नाही. का सोडला नाही याचे उत्तर आग्र्यात शोधण्याचे कारण नाही. तो बुऱ्हाणपुरात डोळ्यांसमोरच होता. फारुकी सुलतानांच्या चौरस, घुमटाच्या कबरी त्याच शहरात आहेत, आणि खानाच्या पित्याने आपल्या पत्नीसाठी दिल्लीस बांधविलेल्या मकबऱ्यावरही घुमटच आहे. म्हणजे एका बाजूने स्थानिक रीत, दुसऱ्या बाजूने घराण्याची रीत, आणि कोपऱ्यांवर दरबारची रीत. या तीन रीतींचा येथे झालेला मेळ हेच या वास्तूचे खरे वैशिष्ट्य आहे. आणि ‘ताजची पूर्वावृत्ती’ म्हटले की नेमके तेच दृष्टीआड होते.

दगडाची गोष्टही अशीच. ‘काळा ताजमहाल’ या शब्दांत काळेपणा हे जणू वैगुण्य अथवा नवल म्हणून येते: पांढरा हवा होता, काळा झाला. वस्तुतः दख्खनच्या या भागात काळा पाषाण हा नियम आहे. खुद्द बुऱ्हाणपुरातील जामा मशीद, जी राजा अलीखान फारुकीने मोगल अंमलापूर्वी सुमारे दशकभर आधी पुरी केली, ती काळ्या दगडाचीच आहे. तिच्यात अरबीच्या जोडीने संस्कृत शिलालेख आहे, ही गोष्ट अभ्यासकांस ठाऊक आहे. पण तिची बांधणी पाहता या शहरातील पाथरवट हा दगड किती सफाईने घडवीत होते हेही तितकेच लक्षात घेण्यासारखे आहे. त्याच्याही मागे गेले तर बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे दैत्यसूदनाचे मंदिर आहे. यादवकालीन कारागिरांनी त्याच जातीच्या कठीण दगडात मूर्ती, वेलबुट्ट्या आणि छताची नक्षी इतकी बारीक कोरली आहे की हा दगड कोरीव कामास अनुकूल नाही, ही सबब कोणीही पुढे करू नये.

याचा अर्थ असा की शाहनवाजखानाच्या कबरीचा बाह्यभागीचा साधेपणा हा असमर्थतेचा परिणाम मानता येत नाही. काळ्या दगडावर प्रकाश ठरत नाही. पांढऱ्या संगमरवरावर सकाळ-संध्याकाळच्या रंगच्छटा उमटतात, जडावाच्या नक्षीची प्रत्येक रेघ दिसते. काळ्या दगडात बारीक तपशील दूरून बुजून जातो आणि फक्त आकार उरतो. अशा दगडात काम करणाऱ्यास परिणाम साधावयाचा तो कमानींच्या खोलीने, ओवरीतील सावलीने आणि आकाशावर उमटणाऱ्या बाह्यरेषेने. या कबरीत तेच केलेले दिसते. बाहेरून ती आटोपशीर व गंभीर वाटते. आत मात्र चुन्याच्या गिलाव्यावर फुलापानांची रंगीत चित्रे काढलेली आहेत. बाहेरची काळिमा ओलांडून आत आल्यावर तो रंग डोळ्यांस जाणवतो तो या विरोधामुळेच. ताजमध्ये आतबाहेर एकच द्रव्य आहे. तेथे हा विरोध नाही, आणि असण्याचे प्रयोजनही नाही. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, बीबी का मकबऱ्याची तऱ्हा आणखी निराळी. तेथे खालचा भाग संगमरवराचा करून वरच्या काळ्या दगडावर पांढरा गिलावा चढविला आहे, म्हणजे स्थानिक दगड लपविला आहे. अनुकरण हा शब्द कोठे वापरावयाचा असेल तर तो तेथे वापरता येईल. बुऱ्हाणपुरास कोणी काही लपविलेले नाही.

गुणवर्णनाच्या भरात वास्तूचे मूल्य फुगविण्याचेही कारण नाही. ही काही पहिल्या प्रतीची कलाकृती नव्हे. चारी कोपऱ्यांचे मनोरे आणि मधला घुमट यांचे नाते पुरतेपणी जुळलेले वाटत नाही. मनोरे घुमटास उठाव देण्याऐवजी इमारतीच्या कडा बंदिस्त करतात, आणि त्यामुळे एकंदर आकृती थोडी आखूड व जड भासते. रचनाकार दोन भिन्न परंपरांतील अवयव एकत्र आणीत होता आणि त्यांचे प्रमाण अजून ठरावयाचे होते, असे या त्रुटीवरून म्हणता येईल. ताजचे पूर्वरूप म्हणून पाहणाऱ्यास ही त्रुटी दिसतच नाही. तो हिला अपुरा ताज समजतो, आणि अपुरेपणास क्षमा करून मोकळा होतो.

या कबरीचा सर्वांत अर्थपूर्ण विशेष मात्र तिच्या आकारात नसून तिच्या स्थानात आहे. मोगल घराण्यातील माणसे दख्खनमध्ये मरत, पण ती दख्खनमध्ये राहत नसत. अकबराचा पुत्र मुराद १५९९ मध्ये वारला. बाळापूरजवळ शाहपूर येथे त्याचे शव काही काळ ठेवून पुढे दिल्लीस हुमायूनच्या मकबऱ्यात नेले. शाहजादा खुस्रौ १६२२ मध्ये बुऱ्हाणपुरात मेला, किंवा मारला गेला. त्याचे अवशेष आग्र्यावरून अखेर अलाहाबादेस, आजच्या प्रयागराजच्या खुस्रौ बागेत, पोहोचले. शाहजादा परवेझ १६२६ मध्ये बुऱ्हाणपुरातच वारला, त्याचेही शव आग्र्यास गेले. आणि मुमताजमहालास तापीपलीकडे झैनाबादच्या बागेत पुरले होते ते केवळ सहा महिन्यांपुरते. १६३१ च्या डिसेंबरात ती वाट आग्र्याची चालू लागली. बुऱ्हाणपूर हे या राजकुलाच्या दृष्टीने मृत्यूचे ठिकाण होते, चिरविश्रांतीचे नव्हते. दख्खनची भूमी जिंकावयाची, पण तीत मिसळावयाचे नाही, ही वृत्ती या शवयात्रांतून जितकी स्पष्ट होते तितकी ती फर्मानांतूनही होत नाही.

शाहनवाजखान यास अपवाद आहे. त्याच्या पित्याने दिल्लीस भव्य मकबरा आधीच उभारून ठेविला होता. मुलास तेथे नेणे अशक्य नव्हते. तरी खान बुऱ्हाणपुरात राहिला. खानखानानाने या शहरात हमाम बांधला, त्याच काळात भूमिगत पाणीपुरवठ्याची कुंडी भंडाऱ्याची प्रसिद्ध योजना झाली, साहित्यिकांस आश्रय मिळाला. दरबाराच्या लेखी जी केवळ आघाडीची छावणी होती ती या घराण्याच्या लेखी वसतीची जागा झाली होती. स्थानिक दगड, स्थानिक पाथरवट आणि स्थानिक घुमट यांचा स्वीकार या पार्श्वभूमीवर पाहिला म्हणजे तो काटकसरीचा भाग न वाटता एका वृत्तीचा भाग वाटू लागतो. दिल्लीच्या पित्याच्या मकबऱ्याची पुढील हकीगतही येथे ध्यानात घ्यावी. अठराव्या शतकात सफदरजंगाच्या मकबऱ्यासाठी त्याचा संगमरवर उपटून नेण्यात आला, आणि घुमट शतकानुशतके उघडा पडून राहिला. २०२० मध्ये त्याचे जतनकार्य पुरे झाले. त्या मकबऱ्यासही ‘ताजची प्रेरणा’ म्हणण्याचा प्रघात आहे. बापाचा मकबरा ताजची प्रेरणा, मुलाची कबर काळा ताज, आणि दोघांच्याही चरित्राची कोणास वास्तपुस्त नाही.

या कबरीचे खरे सगेसोयरे शोधावयाचे तर पुन्हा वऱ्हाडात यावे लागते. बाळापुरास, जेथे खानाची छावणी होती तेथेच, नदीकाठी मिर्झाराजा जयसिंगाच्या नावाने ओळखली जाणारी काळ्या दगडाची छत्री आहे. सुमारे २५ फूट चौरस आणि ३३ फूट उंच. जयसिंगही मोगल सेनापती, आणि त्याचाही मृत्यू १६६७ मध्ये बुऱ्हाणपुरातच झाला. तेथेही त्याची छत्री दाखविली जाते. राजपूत सरदाराने आपल्या स्मारकरूपासाठी तोच दगड पसंत केला.

याहून अधिक बोलके उदाहरण सिंदखेडराजाचे. लखुजी जाधवराव १६१६ मध्ये बाळापुरास शाहनवाजखानास येऊन मिळाले, हे वर आलेच आहे. पुढे १६२१ मध्ये ते मोगलांच्या मन्सबदारीत गेले, पुन्हा निजामशाहीकडे वळले, आणि १६२९ मध्ये दौलताबादेस दरबारात दोन पुत्र व एक नातू यांच्यासह त्यांची हत्या झाली. सिंदखेडराजा येथील त्यांची समाधी ही घुमटाची दगडी चौरस वास्तू आहे, आणि अनभिज्ञ प्रेक्षक तिला प्रथमदर्शनी मकबराच समजतो. जिजाबाईंच्या पित्याची समाधी आणि खानखानानाच्या पुत्राची कबर यांचे हे रूपसादृश्य मराठी वाचकास क्षणभर अवघड वाटेल. पण दोघेही एका फौजेतून रोषणगावास गेले होते, आणि त्या काळच्या मातब्बर सरदाराने मृत्यूनंतर कोणत्या छताखाली निजावयाचे याची एक सामाईक, धर्मनिरपेक्ष म्हणावी अशी दरबारी कल्पना या मुलखात रूढ झाली होती. घुमट हे तिचे चिन्ह होते. मराठी इतिहासलेखनाने मोगल सरदार हा बहुधा शत्रुपक्षाचा सेनापती म्हणून पाहिला, आणि राजकीय इतिहासापुरते ते ठीकच होते. परंतु त्याच चष्म्यातून वास्तू पाहिल्यामुळे सिंदखेडची समाधी ‘आपली’ व बुऱ्हाणपूरची कबर ‘परकी’ अशी वाटणी झाली. आणि जी परकी ठरली ती आग्र्याच्या स्वाधीन करण्यात आली. ‘काळा ताजमहाल’ या अभिधानाचे मूळ प्रवाशांच्या हौसेत असेल. त्याचा टिकाऊपणा मात्र या उदासीनतेमुळे आहे.

नावे देणे हा सत्तेचाही व्यवहार असतो, आणि त्याचा एक दाखला याच बुलढाणा जिल्ह्यात आहे. १७२४ मध्ये साखरखेर्डा येथे निजामुल्मुल्काने मोगल सुभेदार मुबारिजखान याचा पराभव करून त्यास ठार केले, त्याचे शिर दिल्लीस पाठविले, आणि विजयाप्रीत्यर्थ गावाचे नाव फतेहखेर्डा ठेविले. दख्खनमधील मोगल सत्तेचा खरा शेवट त्या दिवशी झाला असे म्हणता येईल. शाहनवाजखानास कबर लाभली. मुबारिजखानाच्या वाट्यास त्याच्या पराभवाचे स्मारक म्हणून एक ग्रामनाम आले. निजामाच्या दप्तरात आणि इंग्रजी अमदानीच्या गॅझेटियरात ते नाव बराच काळ चालले. गावकऱ्यांनी मात्र साखरखेर्डा हेच नाव चालू ठेविले, आणि आज तेच रूढ आहे.

उतावळीच्या काठच्या कबरीसही तिचे स्वतःचे नाव आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित स्मारकांत तिची नोंद शाहनवाजखानाची कबर अशीच आहे.